साठावं सँडविच

हेड ऑफिसच्या टॅबवर मागणीच्या चौकोनात शून्य आधीपासूनच बसलेलं असतं. ते खोडायचं आणि मग आकडा घालायचा, हे दुकानात संध्याकाळी येणाऱ्या कॉलेजच्या पोरीलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं. बान दॉकसूला दुकान टाकून पाच वर्षं होत आली होती. पण त्यानं शून्याच्या अलीकडे सहा दाबला, ‘पाठवा’वर बोट ठेवलं आणि समोर उभ्या असलेल्या ऑफिसच्या पोराला ऐटीत म्हणाला, “घ्या. तुमच्या शब्दाखातर.”

सहा सँडविचं मागवायची होती. साठ मागवली गेली.

ऑफिसचा पोरगा म्हणजे प्यो जिन्ग्यू. तिशीच्या आतला, दिसेल त्याच्यापुढे कमरेत वाकणारा. दर आठवड्याला आमच्या भागातल्या दुकानांतून हिंडायचं आणि नवा माल दुकानदारांच्या गळ्यात मारायचा, हे त्याचं काम. या खेपेला त्याच्या पिशवीत काळ्या पेटीतलं सँडविच होतं. पेटीवर सोनेरी अक्षरांत एक फ्रेंच नाव, जे उच्चारताना जिन्ग्यूचीसुद्धा जीभ अडखळे. खाली सोलमधल्या कुठल्याशा मोठ्या हॉटेलच्या आचाऱ्याची सही. किंमत साध्या सँडविचच्या दुपटीहून जास्त. सामछॉनपोसारख्या बंदरात, जिथे “जेवलात का?”ला “पाव खाल्ला” असं उत्तर दिलं तर समोरचा “म्हणजे उपाशीच की” म्हणतो, तिथे ही पेटी कोण उघडणार होतं? पण जिन्ग्यू दर वाक्याला “मालक, मालक” म्हणत होता. आणि कुणी मालक म्हटलं की दॉकसूचा हात कसा सैल सुटतो, हे त्याच्या बायकोला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तिनं त्याला टॅबला हात लावायची बंदी घातली होती.

बायको, हेसुक, दुपारी तिच्या पाळीला आली. एप्रन बांधता बांधता तिनं टॅब उघडला आणि जागच्या जागी थांबली.

“बोरामचे बाबा, जरा इकडे या.”

बोराम ही त्यांची एकुलती एक मुलगी. पुसानला एका दातांच्या दवाखान्यात नोकरीला आहे.

“काय गं?”

“उद्या आपल्याकडे कुणाचं लग्न आहे का?”

“लग्न? कुणाचं?”

“तेच मी विचारतेय. साठ माणसांचा फराळ सांगून ठेवलाय तुम्ही.”

दॉकसूनं आकडा पाहिला. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मागणीची वेळ सकाळी दहाला संपते. त्यानंतर काहीही मागे घेता येत नाही. तरी त्यानं जिन्ग्यूला फोन लावला. पलीकडून आनंदाचा चीत्कारच ऐकू आला. “मालक, कमाल केलीत! अख्ख्या जिल्ह्यात एवढी हिंमत कुणी दाखवली नाही. आमचे साहेब तुमचं नाव विचारत होते!” यावर ‘चुकून झालं’ असं म्हणायला लागते ती हिंमत मात्र दॉकसूकडे नव्हती. तो “हो, हो, बघू कसं जातंय ते,” असं काहीतरी बोलला आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?” हेसुकनं विचारलं.

“साहेब खूश आहेत म्हणे.”

“असणारच. साहेबांना थोडीच खायचीत.”

इतर वेळी हे प्रकरण चार दिवसांच्या अबोल्यावर मिटलं असतं. पण हा महिना वेगळा होता. हेड ऑफिसशी असलेला पाच वर्षांचा करार महिनाअखेर संपत होता. पुढच्या पाच वर्षांचा नवा करार सहीच्या शिक्क्यासाठी काउंटरखालच्या खणात येऊन पडला होता आणि दुकान दोघांच्या नावावर असल्यानं शिक्के दोन लागत होते. दॉकसूनं आपला कधीच मारला होता. हेसुकचा शिक्का तिच्या पर्समध्ये होता, आणि पर्स ती न्हाणीघरातसुद्धा सोबत नेत होती.

तिचं म्हणणं सरळ होतं. मिर्यांगला तिच्या बहिणीची बोरांची बाग आहे, मागच्या अंगाला दोन खोल्या रिकाम्या आहेत, दुकान बंद करायचं आणि तिथे जाऊन राहायचं. करार संपताना सोडलं तर दंड नाही. मध्येच सोडलं तर उरलंसुरलंही जाईल. दॉकसूचं म्हणणंही सरळ होतं, पण ते तो उघड बोलत नसे. मिर्यांगच्या बागेत त्याला कुणी मालक म्हणणार नव्हतं. साडू त्याला “अहो, ती शिडी इकडे आणा” म्हणणार होता.

आणि दुकानात तरी काय सुख होतं? चोवीस तास उघडं ठेवायचं, ही अट. रात्री नि सकाळी तो, दुपारपासून ती, संध्याकाळी दोन तास ती पोरगी. पाच वर्षांत नवरा-बायको एका वेळी झोपली नव्हती. पाळी बदलताना काउंटरच्या या बाजूनं एक बाहेर पडायचा नि त्या बाजूनं दुसरा आत शिरायचा, तेवढाच संसार. सणाला बंद नाही, सुतकात बंद नाही. दॉकसूच्या वडिलांचं वर्षश्राद्ध मागल्या खोलीत नूडल्सच्या खोक्यांमध्ये पाट मांडून व्हायचं. एका वर्षी तर तो पितरांपुढे दुसरा दंडवत घालायला गुडघ्यावर बसतोय तोच दाराची घंटी वाजली. तो तसाच उठला, कुणाला तरी सिगारेटचं पाकीट दिलं, सुटे मोजले, आणि परत येऊन राहिलेला दंडवत पुरा केला. “सासरे काय म्हणाले असतील?” असं हेसुकनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, “त्यांना कळतं. तेही धंदेवाईकच होते.” वडील शाळेत शिपाई होते.

काळ्या पेट्या दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं आल्या. थंड कपाटाचे दोन कप्पे काळेभोर झाले. हेसुक हाताची घडी घालून त्यांच्याकडे बघत होती.

“एक बोलू?” ती म्हणाली.

“नको.”

“पैज लावा. उद्या रात्री आठला यांची मुदत संपतेय. तोवर साठच्या साठ गेली, तर मी शिक्का मारते. हूं की चूं करणार नाही. एक जरी राहिलं, तरी मिर्यांग.”

“आणि तू मध्ये खोडा घातलास तर?”

“मी कशाला खोडा घालू? मी नुसती मनात प्रार्थना करीन की एकही खपू नये.”

“देवळात जातेस ना गं तू?”

“म्हणून तर करतेय प्रार्थना.”

मुदतीचं असल्या दुकानांत चालढकल करण्यासारखं काही नसतं. ती पेटीवरच्या बारकोडमध्येच असते. वेळ टळली की मशीन त्या पेटीला ओळख देत नाही. बाईच्या आवाजात ‘मुदत संपली आहे, विक्री होणार नाही’ असं म्हणतं आणि गल्ल्याचा खण मिटलेला राहतो. मग तो माल टाकायचा. टाकायचा म्हणजे काय, दुकानदारानं खायचा. दॉकसूनं पाच वर्षांत आपल्या दुकानातला एक घासही मुदतीत खाल्ला नव्हता. कालची किंबापची भाताची गुंडाळी, परवाचा भाताचा त्रिकोण, कडा सुकलेला पाव. हेसुक म्हणायची, आपलं घड्याळ जगापेक्षा एक दिवस मागे चालतं.

पहिल्या दिवशी दॉकसू झोपलाच नाही. रात्रपाळी करून तसाच दारात उभा राहिला. रोपवेला आलेलं एक तरुण जोडपं भुललं. पेटीचे फोटो काढले, एकच घेतलं आणि दोघांत खाल्लं. बसस्टँडवरच्या टॅक्सीवाल्यांनी “मालक, यात काय सोनं घातलंय का?” अशी चौकशी करून नेहमीची नूडल्स नेली. शाळेच्या मुख्याध्यापकांनी भिडेखातर दोन घेतली. मच्छीबाजारातल्या एका म्हातारीनं पेटी हातात घेऊन उलटसुलट केली, वजन केल्यासारखी तोलली आणि म्हणाली, “रिकामीच चांगली दिसतेय रे. सुयादोरे ठेवायला देशील का?” संध्याकाळपर्यंत डझनभरही गेली नव्हती.

“यॉमकडे जा की,” हेसुक शेवटी म्हणाली. “त्याला रोज दुपारी तीसेक बायकांचा फराळ लागतो. बाकीची त्या घरी नेतील.”

“तिथे नको.”

“मग हरा.”

“प्रार्थना करतेस आणि वर वाटही दाखवतेस?”

“वाट दाखवते, कारण तुम्ही त्या वाटेला जाणार नाही हे मला माहितेय.”

यॉम छिलसॉंगची मासे वाळवायची शेड बंदराच्या दुसऱ्या टोकाला आहे. छोटे मासे चिरून, चपटे करून, गोड मसाल्यात मुरवून जाळ्यांवर वाळवायचे आणि सोलला पाठवायचे, असा त्याचा धंदा. दिवसभर राबणाऱ्या बायकांना तिसऱ्या प्रहरी मालकानं पदरचं काहीतरी खायला घालायचं, हा आमच्याकडचा जुना रिवाज. तो जो चुकवतो त्याच्याकडे पुढल्या हंगामात कुणी येत नाही. यॉमनं कधी चुकवला नव्हता.

पण हाच यॉम आठ वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या जहाजांच्या कारखान्यात पत्रे कापायचा आणि दॉकसू त्याच्या विभागाचा साहेब होता. जहाजांच्या मागण्या आटल्या तेव्हा वरून हुकूम आला: माणसं कमी करा, पण आपखुशीनं गेली असं दिसू द्या. दॉकसूनं आपल्या माणसांना जेवायला नेलं. जाळीवर डुकराचं मटण भाजलं, सोजू दारूचे प्याले स्वतःच्या हातानं भरले आणि उभं राहून म्हणाला, “आत्ता सह्या करा. नव्या जहाजाची मागणी आली की पहिला फोन मी तुम्हाला करीन. हा माझा शब्द.” सगळ्यांत आधी सही केली ती यॉमनं. “दादा म्हणतायत ना, मग झालं,” असं म्हणून. नवं जहाज दीड वर्षानं आलं. तोवर दॉकसूलाही नारळ मिळाला होता. त्याच पद्धतीनं, पण जेवण न देता. फोन करण्यासारखं त्याच्या हातात काही राहिलं नव्हतं हे खरं. ‘मी फोन करू शकत नाही’ एवढं सांगायलाही त्यानं फोन केला नाही, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आणखी चार-दोनच गेली. जेवणाच्या वेळेला हेसुक आपल्या बहिणीशी फोनवर मोठ्यानं बोलत होती, “खिडकीला जाळी बसवून घे गं, डास असतात ना तिकडे.” दॉकसूनं राहिलेल्या सगळ्या काळ्या पेट्या दोन प्लास्टिकच्या क्रेटमध्ये भरल्या, हातगाडीवर चढवल्या आणि बंदराच्या दुसऱ्या टोकाकडे निघाला. हेसुक फोनवर बोलायची थांबली.

शेडमध्ये मसाल्याचा गोड, उग्र वास भरला होता. रबरी हातमोजे घातलेल्या बायका लांब टेबलांवर ओळीनं मासे मांडत होत्या. यॉम पुढे आला. केस पांढरे झाले होते. हात मात्र तसेच, पत्रे कापणाऱ्याचे.

“या साहेब,” तो म्हणाला. “बसा.” आणि उलटं क्रेट पुढे सरकवलं.

पूर्वी तो दादा म्हणायचा.

दॉकसू बसला. उठला. पुन्हा बसला. “बरं चाललंय ना?”

“तुमच्या कृपेनं.”

“जरा माल आणला होता. म्हटलं, रोज तोच तो क्रीमचा बन आणि दूध... बायकांनाही जरा बदल. सोलच्या हॉटेलातल्या आचाऱ्यानं स्वतः ठरवलेलं आहे हे. आतलं हॅम बघा कसं जाड आहे. अळंबी, अंडं...”

बोलता बोलता त्यानं एक पेटी वर धरली. पुढच्या पारदर्शक खिडकीतून कापलेली बाजू दिसत होती: गुलाबी हॅमच्या घड्या, पिवळंधमक अंडं, पावाच्या ओठांतून बाहेर येईलसं भरलेलं. बायका हात पुसत पुसत भोवती जमल्या.

“तुम्ही खाल्लंय?” यॉमनं विचारलं.

“म्हणजे काय! खाल्ल्याशिवाय विकीन का?”

“खोटं बोलतोय मेला,” मागून एक आवाज आला. मालसून मावशी होती ती. सत्तरीची, शेडमधली सगळ्यांत जुनी. “माझी सून करते ना असल्याच दुकानात. हे लोक मुदत संपल्याशिवाय तोंडात काही घालत नाहीत. ह्याची मुदत केव्हाची आहे?”

“आज रात्री आठची, मावशी.”

“बघ! आठ वाजून एक मिनिटानं खाणार असेल बिचारा.”

बायका हसल्या. यॉम हसला नाही. त्यानं दॉकसूच्या हातातली पेटी घेतली, चिकटपट्टी सोलली आणि उघडी पेटी त्याच्यापुढे धरली.

“खा, साहेब. आमच्यासमोर खा. मग घेऊ.”

तीसेक बायकांच्या नजरेखाली बान दॉकसूनं आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दुकानातली वस्तू मुदतीत खाल्ली. पहिला घास खरोखर राजेशाही होता. अंडं मऊ, हॅम तोंडभर, अळंबीचा वास थेट नाकात चढणारा. क्षणभर त्याला वाटलं, अरे, लोक असं खातात तर. दुसऱ्या घासाला हॅम लागलं नाही. त्यानं जीभ फिरवली. तिसऱ्याला नुसता पाव. चौथ्याला पाव. पाव चांगल्या प्रतीचा होता, पण किती चांगला असला तरी तो पावच. तोंड कोरडं पडलं. कुणीतरी पाणी देईल म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. कुणी हललं नाही.

“कसं आहे?” मावशीनं विचारलं.

“छान आहे,” दॉकसू भरल्या तोंडानं म्हणाला.

यॉमनं दुसरी पेटी उघडली, सँडविच बाहेर काढलं आणि पावाचे दोन्ही पदर पुस्तकासारखे उलगडून टेबलावर ठेवले. कापलेल्या कडेला दोन बोटं रुंदीचा ऐवज रचलेला होता. त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत पांढरं. सायीच्या सॉसचा एक फराटा तेवढा होता, तोही चुकून सांडल्यासारखा.

एक पोरगेलीशी बाई फिसकन हसली आणि तिच्यामागे सगळ्या.

“अगं बाई, हे तर आमच्या जावईबापूंसारखं! शर्टाचा पुढचा भागच तेवढा इस्त्रीचा!”

“आचाऱ्यानं सही पण अर्धीच केली असेल बघ!”

दॉकसूला हे ठाऊक नव्हतं. पाच वर्षं तो हे कप्पे लावत होता, खिडकी गिऱ्हाइकाकडे येईल अशी प्रत्येक पेटी फिरवून ठेवत होता, कारण जिन्ग्यूनं तसं शिकवलं होतं. “मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला, आणि म्हणताक्षणी ते किती जुनं वाक्य आहे हे त्याच्या ध्यानात आलं. यॉमच्याही आलं असावं. त्यानं मान हलवली.

“किती आहेत एकूण?”

“ही दोन क्रेट.”

“ठेवून जा. घेतो.”

बायकांचं हसू थांबलं. “मालक, वेड लागलंय का? पैसे पाण्यात!” मावशी म्हणाली.

“मावशी, तुम्ही गप्प बसा जरा.” यॉम आत गेला, पाकीट घेऊन आला आणि नोटा मोजून दॉकसूच्या हातात ठेवल्या. आवाज चढला नव्हता, भाव विचारावा तसाच होता. “त्या रात्रीच्या जेवणाचं बिल तुम्ही खिशातून भरलं होतंत, साहेब. कंपनीनं नाही. नंतर कळलं मला. आठ वर्षं ते मटण माझ्या छातीवर बसलंय. घर विकलं, मेव्हणीच्या दारात मासे साफ केले, पण दर वेळी मनात यायचं, ह्या माणसाचं खाल्लंय आपण. शिवीसुद्धा धड देता येईना. आज फिटलं.”

“छिलसॉंग, ऐक तरी...”

“आता आपलं देणं-घेणं नाही. रस्त्यात दिसलो तर मान झुकवू नका. मीही झुकवणार नाही. आणि...” त्यानं उलगडून ठेवलेल्या सँडविचकडे बोट केलं, “हे मी उघडलं, ह्याचे धरलेत मी. तुम्ही खाल्लंत त्याचे नाही धरले. ते तुमचं तुम्ही भरा.”

दॉकसू नोटा हातात घेऊन उभा होता. काहीतरी बोलायला हवं होतं. आठ वर्षांत न बोललेलं निदान अर्धं तरी. त्याचे ओठ हलले आणि पाच वर्षांच्या सवयीनं त्यातून बाहेर पडलं, “पावती देऊ का?”

या खेपेला कुणीही हसलं नाही.

रिकामी हातगाडी ओढत तो निघाला. वाटेत धक्क्यावर बराच वेळ बसून राहिला. स्वतः खाल्लेल्या सँडविचची पेटी त्यानं जाकिटाच्या खिशात कोंबली होती. ती टोचत होती. दुकानात पोहोचला तेव्हा बाहेरचे दिवे लागले होते. संध्याकाळची पोरगी निघून गेली होती आणि हेसुक काउंटरमागे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी होती. तिच्या पोटऱ्या संध्याकाळी मोज्यांच्या काठावर फुगून येत.

त्यानं नोटा पुढे ठेवल्या. हेसुकनं आधी नोटांकडे आणि मग त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

“सगळी?”

“घेतली त्यानं.”

विकून आलेल्या पेट्यांची संख्या हेसुकनं मशीनमध्ये घातली, खण उघडला, पैसे आत टाकले. मग मशीनचा पडदा बघून म्हणाली, “एक राहतंय.”

“ते मी खाल्लं. तिथे.”

“कुणाच्या पैशानं?”

“माझ्या. भरतो ना.” त्यानं पाकिटातून दहा हजार वॉनची नोट काढली. खिशातली चेपलेली पेटी काढून काउंटरवर ठेवली. बारकोड शाबूत होता. मशीनपुढे धरायचा, नोट टाकायची, सुटे घ्यायचे. आठ वाजायला अजून वेळ होता.

हेसुकनं पर्स उघडली. खणातून करार काढला, शेवटचं पान वर केलं आणि शिक्क्याची डबी त्यावर ठेवली. “शब्द तो शब्द,” ती म्हणाली. “मशीन वाजवा.” आणि पाठ फिरवून सिगारेटच्या फळीवरची पाकिटं सारखी करू लागली. ती आधीच सारखी होती.

दाराची घंटी वाजली. बोटीवरचा एक माणूस आत आला. “मालक, नेहमीचं एक.” दॉकसूनं पाकीट दिलं. “काय मालक, आज सूट घालून कुठे?” सूट नव्हता, जाकीट होतं. तो माणूस गेला. दुकानात पुन्हा फ्रीजची घरघर तेवढी राहिली. हेसुक आता एक चप्पल काढून टाच दुसऱ्या पोटरीवर घासत होती.

दॉकसूनं पेटी हातात घेतली. ती मशीनपुढे धरली नाही. उलटी करून तो पुढची पारदर्शक खिडकी कागदापासून सोलू लागला.

“काय करताय?” पाठमोऱ्या हेसुकनं विचारलं.

“प्लास्टिक वेगळं करतोय. कागदात प्लास्टिक गेलं तर नगरपालिकेचे लोक बोंबलतात.”

“आधी मशीनला दाखवा. मग करा.”

“मग राहून जातं.”

चिकटवलेलं पक्कं होतं. कोपऱ्यापासून नखानं उचलावं लागत होतं, मध्येच फाटत होतं. मग दुसऱ्या कोपऱ्यापासून. दॉकसू घाई न करता, शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला बसल्यासारखा बसला होता. हेसुक वळली. तिनं घड्याळाकडे पाहिलं, त्याच्या बोटांकडे पाहिलं.

“बोरामचे बाबा, आठ होतायत.”

“दिसतंय मला.”

“मी पुन्हा विचारणार नाही.”

त्यानं सोललेलं प्लास्टिक एका बाजूला ठेवलं. कागदाची पेटी सपाट केली. वरून हात फिरवून घडी बसवली. मग ती मशीनपुढे धरली.

‘मुदत संपली आहे,’ मशीनमधली बाई म्हणाली. ‘विक्री होणार नाही.’

हेसुकनं शिक्क्याची डबी उचलली आणि पर्समध्ये टाकली. तिच्या तोंडावर आनंद शोधायचा म्हटलं तरी सापडला नसता.

“हरलात,” ती म्हणाली.

“हं.”

“हे माझ्यासाठी केलं, असं मिर्यांगला जाऊन सांगत फिरू नका.”

“नाही सांगणार.”

“करायचंच होतं तर तुमच्या वडिलांच्या श्राद्धाला घंटी वाजली तेव्हा करायचं होतं. मी तेव्हा माणूस होते. आता नुसत्या पोटऱ्या उरल्यात.”

दॉकसूनं दहा हजाराची नोट सरळ केली आणि गल्ल्याच्या खणाला हात घातला. विक्रीशिवाय खण उघडत नाही. त्यानं उगाच दोनदा ओढून पाहिला.

“घेत नाहीये.”

“नाहीच घेणार,” हेसुक चप्पल पायात सरकवत म्हणाली. “हेड ऑफिस हिशेब करताना विचारील, एकाचे कुठे गेले म्हणून. काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.”

ती मागल्या खोलीत गेली. नोट घामानं दमट झाली होती. दॉकसूनं ती घडी करून खिशात परत ठेवली. पडद्यावर त्या अवघड फ्रेंच नावापुढे लाल रंगात एकचा आकडा तसाच उमटून राहिला होता.